दहा मात्रांची हाक

शाळेत मराठीच्या पेपरात 'खालील पंक्तींचे रसग्रहण करा' हा प्रश्न हमखास यायचा. चार ओळी दिलेल्या असायच्या. त्यांतली शब्दकळा, लय, आशय असे एकेक सुटे करून पुन्हा बांधायचे, की झाले पाच गुण. पुष्कळ वर्षांनी तोच प्रश्न माझ्यापुढे आला तो विठ्ठलवाडीत, एका गॅरेजसमोर उभ्या केलेल्या माझ्या जुन्या हॅचबॅकमध्ये. पंक्ती एकच होती :

४८ ६बी १० ४३ ०१ ७१ ०० ०० ०० ०० ७८

ही ओळ इंजिनाची आहे. डॅशबोर्डवर 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा लागला होता आणि काय झाले म्हणून मी विचारले, तेव्हा गाडीने दिलेले हे उत्तर. विचारायचे साधन मी घरी बनवले होते. साबणाच्या डबीत एक आर्डुइनो बोर्ड, बीसी५४७ जातीचे दोन ट्रान्झिस्टर, ५१० ओहमचा एक रेझिस्टर, आणखी तीन-चार किरकोळ रेझिस्टर आणि दोन ओळींचा, सोळा-सोळा अक्षरांचा डिस्प्ले. सगळे लॅमिंग्टन रोडवरून आणलेले. विठ्ठलवाडीहून दादर, तिथे पूल ओलांडून ग्रँट रोड, आणि परतताना मांडीवर ती लहानशी पिशवी.

मग तयार मिळणारे यंत्र का घेतले नाही? घेतले होते. बाजारात काडेपेटीएवढी ब्लूटूथची डबी मिळते, मोबाइलला जोडली की दोषाचा कोड दिसतो. तिच्या पोटात बहुधा ईएलएम३२७ या चिपची नक्कल असते. मूळ चिप कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्स या छोट्या कंपनीची. पहिल्या आवृत्तीतला प्रोग्राम कुलूपबंद नव्हता, त्यामुळे तो उचलला गेला आणि जगभर नकलांचा पूर आला. २०२२ मध्ये मूळ कंपनी बंद झाली, नकला चालूच आहेत. गंमत अशी, की यांतल्या कितीतरी डब्या स्वतःची आवृत्ती '१.५' सांगतात, आणि मूळ कंपनीने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. आमच्या विठ्ठलवाडीच्या पुढचेच स्टेशन उल्हासनगर. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद ऐकत लहानपण गेलेल्या माणसाला या १.५ चा राग येत नाही, उलट ओळख पटते.

त्या डबीने कोड दाखवला, पण संभाषण दाखवले नाही. हाक तिनेच मारली, उत्तर तिनेच ऐकले, अर्थ तिनेच लावला आणि माझ्यापर्यंत आला तो फक्त सारांश. गाइडमधले रसग्रहण पाठ करणाऱ्या मुलासारखी माझी गत झाली. मूळ ओळ वाचायची तर डबी आपली हवी.

स्टीअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्याजवळ सोळा पिनांचे एक सॉकेट असते. दोन ओळी, आठ-आठ पिना. याची जन्मकथा धुराची आहे. लॉस एंजेलिसवरचे धुरकट आकाश पाहून कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने नियम केले आणि १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींना या सॉकेटवरून बोलायची सामाईक भाषा सक्तीची झाली. आपल्याकडे २०१० साली मुंबई, पुणे, सोलापूर यांच्यासह तेरा शहरांत भारत स्टेज-४ ही धुराची मर्यादा आली, तिच्यासोबत या पद्धतीचा पहिला टप्पा आला आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा. म्हणजे मुळात ही मेकॅनिकची सोय नव्हती, हवेची राखण होती. गाडीने आपल्या धुराबद्दल स्वतःच साक्ष द्यावी, अशी कायद्याची अपेक्षा. हे लक्षात ठेवले तर पुढे कोडचा स्वभाव समजतो. साक्षीदार जेवढे दिसले तेवढे सांगतो, निकाल देत नाही.

त्याआधीच्या एमपीएफआय मारुतीत ही साक्ष दिव्याच्या उघडझापीने मिळायची. बॉनेटखालच्या एका कपलरच्या दोन टोकांत तारेचा तुकडा अडकवला की डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकायचा. एकदा, मग जरा थांबून दोनदा. बारा. बारा म्हणजे सगळे ठीक. दोष नसेल तर यंत्र गप्प बसत नसे, 'ठीक आहे' एवढे तरी सांगत असे.

आता हाक. माझी गाडी सातव्या पिनेवरच्या 'के-लाइन' नावाच्या एकाच तारेवर बोलते. तार एरवी बारा व्होल्टवर ताठ उभी असते. बोलायचे म्हणजे तिला शून्यावर ओढायचे आणि सोडायचे, आणि ट्रान्झिस्टरचे काम तेवढेच. हाक मारायची ती ३३ या बाइटने, आणि अतिशय सावकाश : सेकंदाला पाच बिट, म्हणजे एका बिटाला २०० मिलिसेकंद. या २०० मिलिसेकंदांना एक मात्रा म्हणून पाहा. आरंभाची खूण म्हणून तार एक मात्रा खाली जाते. मग दोन मात्रा वर, दोन खाली, दोन वर, दोन खाली. शेवटी एक मात्रा वर. लघु, गुरू, गुरू, गुरू, गुरू, लघु. दहा मात्रा, नेमके दोन सेकंद.

दहा मात्रा म्हटल्यावर झपताल ओठांवर येतो, पण त्याचे विभाग दोन-तीन-दोन-तीन असे पडतात. इथले एक-दोन-दोन-दोन-दोन-एक. पुढून वाचा किंवा मागून वाचा, मात्रांचा क्रम तोच. एखाद्या समितीने कागदावर ठरवलेल्या आकड्यात इतकी डौलदार रचना निघावी, याचे मला अजून नवल वाटते. डिस्प्लेऐवजी एक साधा एलईडी लावून ही हाक डोळ्यांनी पाहता येते. मी ती पुष्कळदा पाहिली आहे, कारण नसतानाही.

या विलंबित हाकेला गाडी द्रुत लयीत ओ देते. तिचा वेग सेकंदाला १०,४०० बिट, आपल्याहून दोन हजार पटींनी जास्त. पहिला बाइट ५५. तो बिटांत मांडला की शून्य-एक-शून्य-एक असा एकाआड एक येतो. यात मजकूर काहीच नाही. ऐकणाऱ्याने आपला वेग जुळवून घ्यावा म्हणून लावलेला तो सूर आहे, गायक गाण्याआधी षड्ज लावतो तसा. मग ०८ आणि पुन्हा ०८, ही तिच्या बोलीची ओळख. आता आपली पाळी. शेवटच्या ०८ चे सगळे बिट उलटे करून एफ७ परत पाठवायचे. पटले, की गाडी आपल्या ३३ चे बिट उलटे करून सीसी पाठवते. तू माझे ऐकलेस, मीही तुझे ऐकले. दोघांनी एकमेकांचा शब्द उलटवून परत दिला, की ओळख झाली.

यातला सर्वांत जपण्याचा भाग वेळेचा आहे. एफ७ पाठवण्याआधी किमान २५ आणि जास्तीत जास्त ५० मिलिसेकंद थांबायचे असते. उशीर चालत नाही हे कुणालाही कळते. घाईही चालत नाही, हे कळायला मला एक अख्खा रविवार लागला. माझी डबी तत्परतेने लगेच उत्तर देत होती आणि गाडी तोंड फिरवत होती. संवाद जुळल्यावरही पाच सेकंद गप्प राहिलात तर ती विसरते, आणि दहा मात्रांची हाक पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी अडचण अधिक खोलातली होती. तार एकच, बोलायचे त्याच तारेवर आणि ऐकायचेही त्याच तारेवर. त्यामुळे डबी जे बोलते ते तिच्याच कानावर परत येते. मी दोषांची यादी मागणारा प्रश्न पाठवला, ६८ ६ए एफ१ ०३ सी६, आणि लगेच पडद्यावर पाच बाइट उमटले. आनंदाने मी आतून चहा मागवला. चहा येईपर्यंत लक्षात आले की ते माझेच पाच बाइट होते. तेवढा वेळ मी स्वतःचा प्रश्न गाडीचे उत्तर म्हणून वाचत होतो. प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली : जितके बोललो तितके आधी टाकून द्यायचे, मग ऐकायचे. तयार डबी हे काम गुपचूप उरकते. स्वतः केले नसते तर आपलाच आवाज वजा करावा लागतो, हे मला कधी कळलेच नसते.

तो वजा केला तेव्हा वर दिलेली ओळ मिळाली. आता तिचा अन्वय.

४८ ६बी १० ही प्रस्तावना आहे. पहिल्या दोन जोड्या 'हे उत्तर आहे' असे सांगतात आणि १० ही बोलणाऱ्याची सही, म्हणजे इंजिनाचा संगणक. मग ४३. मी विचारले होते ०३. उत्तरात त्याच आकड्यात चाळीस मिळवून तो परत येतो. प्रत्येक उत्तर आपला प्रश्न पोटात घेऊन येते, त्यामुळे कशाचे उत्तर कशाला, हा घोळ होत नाही. शेवटचे ७८ म्हणजे हिशेबाची खूण. हे सगळे आकडे सोळाच्या पद्धतीतले, नऊनंतर ए ते एफ मोजणारे. आधीच्या दहा जोड्यांची बेरीज आपल्या नेहमीच्या पद्धतीत ३७६ होते. २५६ वजा केले की उरतात १२०, आणि सोळाच्या पद्धतीत १२० म्हणजे ७८. वाटेत एखादे अक्षर गळले असते तर ही बेरीज जुळली नसती. हस्तलिखित नकलून झाल्यावर ग्रंथसंख्या मोजून ठेवणाऱ्या लेखनिकाची ही सावधगिरी.

मधले ०१ ७१ हा गाभा. पहिल्या दोन बिटांत चार अक्षरांपैकी एक दडलेले असते : पी म्हणजे इंजिन आणि गिअर, सी म्हणजे चॅसिस, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे आपसांतले दळणवळण. इथे दोन्ही बिट शून्य, म्हणून पी. पुढचा शून्य सांगतो की हा कोड सर्व कंपन्यांना सामाईक आहे. मग १, इंधन आणि हवेच्या मापाचे घराणे. आणि ७१ हा त्या घराण्यातला नेमका दोष. पी०१७१. उरलेली शून्ये म्हणजे रिकाम्या जागा. एका ओळीत तीन दोष मावतात. माझ्या गाडीला एकच तक्रार होती.

पी०१७१ चा वाच्यार्थ कोणत्याही यादीत सापडतो : मिश्रण फार पातळ. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. इथे हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. गाइड इथे थांबते. जुन्या काव्यशास्त्राने मात्र शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत, अभिधा, लक्षणा आणि व्यंजना, आणि मला कोड वाचताना त्या तिन्ही लागतात. अभिधेने मिश्रण पातळ. लक्षणेने पाहिले तर हा कोड मिश्रणाविषयी बोलतच नाही. संगणक म्हणतो आहे, की मी पेट्रोल वाढवत वाढवत माझ्या मर्यादेपर्यंत आलो, तरी जुळत नाही. म्हणजे ही दमल्याची कबुली आहे. आणि व्यंजना? ती ओळीत नसते, संदर्भात असते.

परीक्षेत आणखी एक प्रश्न यायचा, संदर्भासह स्पष्टीकरणाचा. गाडीतही त्याची सोय आहे. दोष नोंदला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती, पाणी किती तापलेले, गाडीचा वेग किती, हे सगळे संगणक गोठवून ठेवतो. प्रश्न क्रमांक ०२ विचारला की तो क्षण परत मिळतो. माझ्या गाडीचा क्षण होता वेग शून्य, फेरे ७८०, पाणी ८८ अंश. म्हणजे इंजिन गरम, आणि गाडी सिग्नलवर किंवा फाटकाशी उभी. पळताना नव्हे, थांबल्यावर तिला धाप लागत होती.

मग इंजिन चालू ठेवून इंधनाची दुरुस्ती किती चालली आहे ते विचारले. उत्तर येते एका बाइटात. १२८ म्हणजे काहीही वाढवघट नाही. आलेल्या बाइटातून १२८ वजा करून शंभराने गुणायचे, १२८ ने भागायचे. जागच्या जागी बाइट आला १५६. जवळजवळ २२ टक्के जास्त पेट्रोल! अॅक्सिलरेटर दाबून फेरे २,५०० वर नेले, तर १३४. पाच टक्क्यांच्या आत. या दोन आकड्यांमधल्या उतारात सगळी व्यंजना आहे. माझ्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर फिल्टरजवळ असतो. त्याच्या पुढे कुठे फट पडली तर तिथून शिरणारी हवा त्याच्या वहीत येत नाही. इंजिन मंद चालते तेव्हा आतली ओढ जोरदार आणि रीतसर येणारी हवा थोडी, म्हणून चोरहवेचा वाटा मोठा. फेरे वाढले की रीतसर हवेचा लोंढा येतो आणि चोरवाट नगण्य ठरते. उलट पेट्रोलचा पंप थकला असता तर भार वाढल्यावर तक्रार वाढली असती. ज्या गाड्या दाबावरून हवेचा अंदाज घेतात त्यांच्यात हीच फट निराळ्या बोलीत बोलते, आणि आपल्या कल्याण-ठाण्यात मागाहून सीएनजी किट बसवलेल्या असंख्य गाड्यांत तर गॅसवरचा हिशेब पेट्रोलच्या वहीत मिसळतो. शब्द तोच असला तरी वक्ता कोण, हे पाहूनच अर्थ लावायचा.

मी डबी बंद करून गॅरेजवाल्या मामांकडे गेलो. ते एका रिक्षाखाली होते.

"काय म्हणतंय तुझं मशीन?"

"हवा जास्त येतेय मामा. गाडी उभी असताना."

"कुठून?"

"ते नाही सांगत."

"मग ते मी सांगतो," म्हणत ते बाहेर आले. पाच मिनिटे कान देऊन ऐकले, एकेक व्हॅक्यूम पाइप चिमटीत दाबत गेले. तिसऱ्या पाइपाला इंजिनाचा सूर बदलला. पाइप बाहेर काढून वाकवला तर खालच्या बाजूला नखाएवढी चीर. वरून पाहिले असते तर सात जन्मांत दिसली नसती.

यात कुणाची हारजीत नव्हती. मामांनी सगळे पाइप चाचपले असतेच, पण कोडने त्यांना पंप, इंजेक्टर आणि प्लग यांच्यापासून वाचवले. आणि कोडला पाइप ठाऊक नव्हता. त्याला फक्त आपला दम गेल्याचे ठाऊक होते.

या डबीचा गौरव करताना तिची फजितीही सांगितली पाहिजे. शेजारच्या काकांची गाडी नवी, तिची बोली वेगळी. तिथे कॅन नावाची दोन तारांची पद्धत, बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे ठेवलेली. तिच्यासाठी मी वेगळा मॉड्यूल जोडला आणि त्यावरचा १२० ओहमचा जंपर काढून ठेवला, कारण तेवढेच दोन रेझिस्टर गाडीच्या तारांच्या दोन टोकांना आधीच असतात. एवढी काळजी घेऊन डबीने कोड दाखवला पी०१०१, हवा मोजणाऱ्या सेन्सरचा. काका म्हणाले, "बदलून टाकू का रे सेन्सर?" मी हो म्हणणार होतो. पण त्याखाली दुसरा कोड होता सी३१००, आणि तो कुठल्याच यादीत बसेना.

मूळ ओळ काढून पाहिली : ४३ ०१ ०१ ७१. जुन्या बोलीत ४३ नंतर लगेच दोष सुरू होतात. नव्या बोलीत ४३ नंतर आधी संख्या येते, दोष किती आहेत त्याची. म्हणजे पहिला ०१ हा नुसता 'एक' होता. माझ्या प्रोग्रामने तो दोषाचे पहिले अक्षर समजून पुढच्या ०१ ला चिकटवला, आणि उरलेल्या ७१ ला मागच्या रिकाम्या शून्यांची जोड देऊन भलताच दोष जन्माला घातला. 'दिवा कर' म्हणावे आणि ऐकणाऱ्याने 'दिवाकर' समजून आकाशाकडे पाहावे, तसला हा पदच्छेद. खरा कोड माझाच होता, पी०१७१. चुकलेले वाचन निरर्थक असते तर सोपे होते. ते इतके पटण्यासारखे होते की काकांचा सेन्सर उगाच बदलला गेला असता.

आता वैगुण्ये. कंपन्यांचे खासगी कोड माझ्या डबीला उलगडत नाहीत. ब्रेक आणि एअरबॅगच्या संगणकांशी ती बोलत नाही, आणि मी तिला तसे शिकवणारही नाही. तिला प्रश्न क्रमांक ०४ मात्र येतो, आणि तो सर्वांत मोहाचा आहे. ०४ म्हणजे पुसून टाक. दिवा विझतो, कोड जातो, आणि त्याच्यासोबत गोठवलेला संदर्भही जातो. दिवा विझवून मागणाऱ्या गिऱ्हाइकासाठी हे सोयीचे. वाचकासाठी ही ओळ खोडून टाकणे.

मी खोडली नाही. पाइप बदलला आणि गाडी चालवत राहिलो. पद्धत अशी आहे, की लागोपाठ तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही तर दिवा आपसूक विझतो, पण नोंद राहते. इंजिन थंडाचे गरम होण्याच्या चाळीस आवर्तनांत तो दोष पुन्हा आला नाही, तर नोंदही जाते. दिवा तिसऱ्या-चौथ्या दिवशी, विठ्ठलवाडीच्या एसटी आगारावरून घरी येताना विझला. नोंदीसाठी थांबलो. मधल्या काळात जागच्या जागी येणारा बाइट १५६ वरून हळूहळू १३० पर्यंत उतरला. संगणक आपला घेतलेला जादा घास एकेक करून परत ठेवत होता.

दीडेक महिन्याने एका सकाळी पुन्हा डबी लावली. दहा मात्रा, ५५, ०८, ०८. पंचवीस मिलिसेकंद थांबून एफ७. सीसी. मग माझा प्रश्न, ०३. माझेच पाच बाइट माझ्याकडे परत आले, ते टाकले. उरले ते असे :

४८ ६बी १० ४३ ०० ०० ०० ०० ०० ०० ०६

सहा शून्ये, आणि त्या शून्यांचीही बेरीज करून शेवटी केलेली सही.